सोसायटीचा पहिला जनरेटर: जागा ठरवण्यापासून रोजच्या देखभालीपर्यंत

जनरेटर घ्यायचा ठराव सर्वसाधारण सभेत मंजूर होतो, कोटेशनं सेक्रेटरी मागवतात, चेकवर सही खजिनदार करतात. पण जुलैतल्या एखाद्या रात्री अडीच वाजता लाइट जाते तेव्हा जनरेटरपाशी उभा असतो तो वॉचमन. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात मोबाइलचा टॉर्च, आणि लिफ्टमध्ये कुणीतरी अडकलंय म्हणून वरून आरडाओरडा. या माणसाला बहुतेक सोसायट्यांत कुणी बसवून काही शिकवलेलं नसतं. आधीच्या वॉचमननं नोकरी सोडताना जे दाखवलं, तेवढंच त्याचं शिक्षण.

म्हणून नव्या कमिटीला पहिलं सांगणं असं, की किती केव्हीएचा (म्हणजे किती क्षमतेचा) आणि कुठल्या कंपनीचा हे प्रश्न नंतरचे. झोपेतून उठलेल्या, गोंधळलेल्या माणसानं चुकीचं बटण दाबलं तरी कुणाचा जीव जाणार नाही, अशी जोडणी आधी हवी. पुढचं सगळं याच कसोटीवर तपासून घ्या. उदाहरणासाठी सात मजले आणि दोन लिफ्ट असलेली मध्यम सोसायटी धरली आहे. दवाखाना, मंगल कार्यालय किंवा पोल्ट्री असली तरी फार फरक पडत नाही.

जीव घेणाऱ्या दोन गोष्टी

पहिली गोष्ट म्हणजे लाइनवर उलटा गेलेला करंट. गल्लीतला ट्रान्सफॉर्मर ११,००० व्होल्टचे ४१५ व्होल्ट करून आपल्याला देतो. तोच ट्रान्सफॉर्मर उलटाही चालतो. जनरेटरचा करंट मीटरमार्गे बाहेर पडून त्याच्यापर्यंत पोचला, तर वरच्या तारांवर पुन्हा ११,००० व्होल्ट उभे राहू शकतात. त्या वेळी पुढचा स्विच उघडून, लाइन बंद आहे असं समजून महावितरणचा लाइनमन खांबावर चढलेला असतो. तो फॉल्ट काढायला आलेला असतो तोही आपल्याच तक्रारीवरून. त्यात उलट दिशेनंही धोका आहे: जनरेटर चालू असताना बाहेरची लाइट आली आणि दोन्ही एकमेकांना भिडले, तर अल्टरनेटर (जनरेटरमधला वीज तयार करणारा भाग) जळतो, कधी पॅनेलमध्ये स्फोटासारखा आवाज होऊन आग लागते.

दुसरी गोष्ट धूर. डोळ्यांना झोंबणारा काळा धूर त्रास देतो, पण निदान तो दिसतो. त्याच्याबरोबर येणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा २०० पटींहून जास्त ओढीनं या वायूला धरून ठेवतं. आधी डोकं जड होतं, मळमळतं, गरगरतं, आणि झोपलेल्या माणसाला तर तेवढीही सूचना मिळत नाही. पेट्रोलच्या छोट्या जनरेटरमध्ये हा धोका डिझेलपेक्षा बराच जास्त असतो. त्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

किती केव्हीएचा घ्यायचा

विक्रेत्याला विचाराल तर तो एक माप मोठंच सांगेल. त्यामुळे आधी स्वतः कागद घेऊन बसा. जनरेटरवर नेमकं काय चालवायचं ते लिहा. आपल्या उदाहरणात ७.५ एचपीच्या दोन लिफ्ट, ७.५ एचपीचा पाण्याचा एक पंप, जिने-पार्किंगचे दिवे आणि सीसीटीव्ही मिळून ३ किलोवॉट, आणि सांडपाणी प्रकल्पाचा ब्लोअर ४ किलोवॉट. एक एचपी म्हणजे ७४६ वॉट, पण मोटर तेवढं काम करण्यासाठी थोडी जास्त वीज खाते, म्हणून ७.५ एचपीला साधारण साडेसहा किलोवॉट धरा. तीन मोटरींचे साडेएकोणीस आणि बाकीचे सात मिळून झाले साडेसव्वीस किलोवॉट.

केव्हीए गुणिले ०.८ म्हणजे किलोवॉट, हा जनरेटरचा नेहमीचा हिशेब. ४० केव्हीएचा सेट ३२ किलोवॉट देतो. म्हणजे सगळं एकदम चालू असलं तरी तो ८० ते ८५ टक्क्यांवर राहील, आणि सगळं एकदम चालू फार कमी वेळा असतं.

अडचण मोटर सुरू होण्याच्या क्षणी येते. थेट स्टार्टरवर मोटर सुरुवातीला नेहमीच्या सहा-सात पट करंट ओढते. पंप चालू झाला की दिवे मंद होतात, लिफ्ट दचकते, ते यामुळेच. पंपाला स्टार-डेल्टा स्टार्टर बसवला तर हा झटका एक तृतीयांशावर येतो. त्याला येणारा खर्च मोठा जनरेटर घेण्याच्या मानानं किरकोळ आहे. लिफ्टला ड्राइव्ह (मोटरचा वेग हळूहळू वाढवणारं उपकरण) असेल तर तिचा झटका आधीच कमी असतो.

मोठा घेतला तर काय बिघडतं? बिघडतं. रात्री फक्त जिन्याचे दिवे आणि कॅमेरे चालू असतील तर ६२.५ केव्हीएच्या सेटवर लोड सहा टक्केसुद्धा होत नाही. डिझेल इंजिन ३० टक्क्यांच्या खाली तासन्‌तास चाललं की सिलिंडर पुरेसा तापत नाही, डिझेल पूर्ण जळत नाही, आणि न जळलेलं काळं तेलकट डिझेल सायलेन्सरमधून गळायला लागतं. १ जुलै २०२३ पासून ८०० किलोवॉटपर्यंतच्या नव्या जनसेटना सीपीसीबी (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ) ४ प्लस ही प्रदूषण मानकं लागू आहेत. या इंजिनांत धूर साफ करणारी जी यंत्रणा असते, तिलाही कमी लोड मानवत नाही. बेताचा घ्या आणि नीट लोडवर चालवा, हे माझं स्पष्ट मत आहे.

जुना सेट स्वस्तात मिळतोय म्हणून घ्यायचा मोह होईल. सोसायटीनं तो टाळावा. मानकांची प्लेट, कॅनोपीचं (सेटवरच्या आवाज अडवणाऱ्या पेटीचं) प्रमाणपत्र, अल्टरनेटरचा इतिहास यांतलं काहीच धड हाती लागत नाही. नव्या सेटमध्ये नावाजलेल्या कंपनीपेक्षा तुमच्या गावात तिचा मेकॅनिक किती वेळात पोचतो, हे पाहा. पुणे-पिंपरीत ही अडचण नाही. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ पासून आणि कमिन्स १९६२ पासून इथेच आहेत, त्यामुळे डिझेल इंजिन कोळून प्यायलेले मिस्त्री इथे गल्लोगल्ली सापडतात. दापोली किंवा देवगडला मात्र हा प्रश्न आधी विचारा.

जागा

बांधकाम व्यावसायिकानं सोडलेली जागा बहुतेक वेळा कुणाच्या तरी बेडरूमच्या खिडकीखाली असते. ती मुकाट्यानं स्वीकारू नका. खिडक्या, जिन्याचे झरोके, एसीचे बाहेरचे युनिट आणि वॉचमनची केबिन यांपासून शक्य तितकं दूर जा. केबिनचा उल्लेख मुद्दाम केला आहे. कॅनोपीला टेकून पत्र्याची केबिन आणि त्यात रात्रभर झोपणारा माणूस, हे दृश्य फार ठिकाणी दिसतं.

तळघरात जनरेटर नको. नाइलाज असेल तर धूर थेट गच्चीपर्यंत नेणारा पाइप आणि गरम हवा बाहेर काढणारं डक्ट हवंच, आणि ते काम अभियंत्याच्या आराखड्यानुसारच व्हावं.

पाणी कुठवर चढतं ते जुन्या रहिवाशांना विचारा. २६ जुलै २००५ ला मुंबईत आणि २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी कुठवर आलं होतं, याच्या खुणा आजही लोक भिंतीवर हात ठेवून दाखवतात. तशा खुणेच्या वर काँक्रीटचा चौथरा घ्या. पूर येतो तेव्हाच लाइट जाते, त्यामुळे पाण्यात बुडणारा जनरेटर असून नसल्यासारखा. चौथरा समपातळीत असावा आणि सेटच्या चारी बाजूंनी किमान एक मीटर मोकळी जागा असावी. कॅनोपीची दारं पूर्ण उघडली पाहिजेत, नाहीतर एअर फिल्टर बदलताना मेकॅनिक कंटाळून तो तसाच ठेवून जाईल.

धुराच्या पाइपाची उंची ठरवायला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं एक सोपं सूत्र आहे. इमारतीच्या उंचीत केव्हीएच्या वर्गमुळाची ०.२ पट मिळवायची. ४० केव्हीएचं वर्गमूळ साधारण ६.३, त्याची ०.२ पट म्हणजे सव्वा मीटर. इमारतीच्या गच्चीच्या वर सव्वा मीटर पाइप गेला पाहिजे. पाइप इंजिनला जोडताना मधे लवचीक बेलो (घडीदार पाइपाचा तुकडा) हवा, माणसाचा हात पोचेल तिथपर्यंत उष्णतारोधक आवरण हवं, आणि टोकाला पावसाचं पाणी आत न जाण्याची सोय हवी. आवाजाची मर्यादा कॅनोपीपासून एक मीटरवर ७५ डेसिबल आहे. दारं उघडी ठेवून सेट चालवला तर ती पाळली जात नाही, आणि थंड हवेचा ठरवलेला मार्गही बिघडतो. "गरम होतोय म्हणून दार उघडं ठेवलं" हे ऐकलं तर समजा की रेडिएटर चोंदला आहे.

जोडणी

हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराचंच. ओळखीचा वायरमन कितीही हुशार असो, कागदावर सही परवानाधारकाची हवी. क्षमतेनुसार विद्युत निरीक्षकांची परवानगी लागते, तिची कागदपत्रं ठेकेदाराकडून करारातच लिहून घ्या. वीज महावितरणची असो, मुंबईत बेस्टची असो की गोव्यात वीज खात्याची, त्यांनाही जनरेटर बसवल्याचं कळवा.

सगळ्यात महत्त्वाचा भाग चेंजओव्हर स्विच. त्याचं काम एकच: इमारत एकतर लाइनवर असेल, नाहीतर जनरेटरवर. दोन्हींवर कधीच नाही. मधे "बंद" ही तिसरी जागा असते. हा स्विच चार पोलचा घ्या, म्हणजे तीन फेजबरोबर न्यूट्रलही तुटतो. तीन पोलचा स्वस्त पडतो, पण मग जनरेटरचा आणि बाहेरचा न्यूट्रल कायमचे जोडलेले राहतात आणि चुकीच्या वाटेनं करंट फिरतो.

आपोआप चालू होणारं एएमएफ पॅनेल घेतलंत तर त्यात दोन कॉन्टॅक्टर (विजेवर चालणारे स्विच) असतात, एक लाइनचा, एक जनरेटरचा. त्यांच्यामध्ये विजेचा इंटरलॉक (एक चालू असताना दुसऱ्याला अडवणारी सोय) तर असतोच, पण दोघांच्या मधे लोखंडी दांडीचा यांत्रिक इंटरलॉकही आहे का, ते पॅनेल उघडून स्वतः पाहा. विजेचा इंटरलॉक एका सैल वायरीनं निकामी होतो. कॉन्टॅक्टर चिकटला तर दुसऱ्याला अडवणारी ती दांडीच. वॉचमन गोंधळला तरी जीव जाणार नाही असं वर म्हटलं, ते या तुकड्याच्या भरवशावर.

दोन टोकांना प्लग असलेली वायर करून जनरेटरचा करंट भिंतीतल्या सॉकेटमधून घरात सोडायचा, हा प्रकार कुणी सुचवला तर त्याला तिथेच थांबवा. अशा वायरीचा एक प्लग निसटला तर त्याच्या उघड्या पिना २३० व्होल्टच्या असतात.

अर्थिंगचे खड्डे चार हवेत. जनरेटरच्या न्यूट्रलला दोन, बॉडीला दोन, एकमेकांपासून वेगळे. न्यूट्रलला दोन स्वतंत्र अर्थ हवेत हे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा नियमांतही आहे. ठेकेदार दोनच खड्डे खणून चारांचं बिल लावत नाही ना, हे खणताना उभं राहून पाहा, कारण माती ओढली की काही कळत नाही. प्रतिरोध १ ओहमच्या आसपास आणायचा प्रयत्न करा. कोकणातल्या जांभ्या दगडात ते सहज होत नाही, तिथे खोल जावं लागतं किंवा पट्ट्या वाढवाव्या लागतात. आणि मोजणी मे महिन्यात करा. ऑगस्टमध्ये ओल्या जमिनीत कुठलाही खड्डा पास होतो.

४० केव्हीएचा सेट पूर्ण लोडला दर फेजला ५६ अँपिअरच्या आसपास करंट देतो. त्याला ३५ चौरस मिलिमीटरची साडेतीन कोअरची ॲल्युमिनियम आर्मर्ड केबल सोयीची पडते. अंतर फार असेल तर एक माप वर जा.

पहिल्या दिवशी काय पाहून घ्यायचं

कंपनीचा माणूस सेट चालू करून, सही घेऊन निघायच्या घाईत असतो. त्याला थांबवा. रिकामा सेट गुरगुरतोय यावर सही करू नका. दोन्ही लिफ्ट, पंप, ब्लोअर सगळं लोडवर घ्या आणि निदान एक तास चालवायला लावा. त्या तासात मीटरवर तिन्ही फेजचा करंट पाहा. एकीवर ४० आणि दुसरीवर १० अँपिअर दिसला तर लोड फेजमध्ये वाटून घ्यायला सांगा. फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच्या आसपास राहिली पाहिजे. साधा गव्हर्नर (इंजिनाचा वेग राखणारा भाग) असेल तर रिकामा असताना ५२ दिसेल, ते चालतं.

फेजचा क्रम हमखास विसरला जातो. जनरेटरचा आर-वाय-बी (लाल-पिवळा-निळा, म्हणजे तीन फेजचा) क्रम लाइनपेक्षा वेगळा जोडला गेला तर तीन फेजच्या मोटरी उलट्या फिरतात. पंप घरघरतो पण टाकीत पाणी चढत नाही. लिफ्टचा रिले क्रम चुकला म्हणून लिफ्टच अडवून धरतो, आणि लोक लिफ्टवाल्याला बोलावत बसतात. दोन वायरींची अदलाबदल एवढाच इलाज आहे, पण तो पहिल्याच दिवशी आणि जनरेटरच्या बाजूलाच झाला पाहिजे.

शेवटी लाल मश्रूमसारखं आणीबाणीचं बटण दाबून इंजिन खरंच थांबतं का ते पाहा. हे वॉचमनच्या हातून करवून घ्या.

रात्री लाइट गेली की

पॅनेल हातानं चालवायचं असेल तर पुढचा क्रम मराठीत आणि वॉचमन हिंदी भाषक असेल तर हिंदीतही, मोठ्या अक्षरांत, लॅमिनेट करून पॅनेलशेजारी लावा. समोर इन्सुलेटेड रबर मॅट हवी. त्यावर उभं राहून, कोरड्या हातांनीच स्विचला हात लावायचा.

१. लिफ्टमध्ये कुणी आहे का ते इंटरकॉमवर विचारा. "घाबरू नका, दोन मिनिटांत चालू होते" एवढं सांगा.

२. चेंजओव्हर मधल्या, बंद जागेवर आणा. जनरेटरचा ब्रेकर खाली आहे ना, ते पाहा.

३. डिझेल आणि तेलाची पातळी पाहा. कॅनोपीत मांजर किंवा कुत्रं बसलेलं नाही ना, तेही. पावसात उबेला ती हमखास येतात.

४. किल्ली फिरवा. दहा सेकंदांत इंजिन पेटलं नाही तर सोडा, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा करा. तीन वेळा जमलं नाही तर थांबून फोन करा. सलग किल्ली धरून ठेवली तर स्टार्टर जळतो.

५. दोन-तीन मिनिटं रिकामं चालू द्या. तेलाचा दाब आणि व्होल्टेज ठीक दिसलं की चेंजओव्हर जनरेटरकडे न्या, मग ब्रेकर वर करा.

६. लोड एकदम देऊ नका. आधी दिवे, मग एक लिफ्ट, मग दुसरी, शेवटी पंप.

बाहेरची लाइट आली की लगेच धावायचं नाही. ती येते, जाते, परत येते. पाच-दहा मिनिटं टिकली की उलट क्रमानं लोड काढा, चेंजओव्हर लाइनकडे करा, आणि इंजिन तीन ते पाच मिनिटं रिकामं चालवून मग बंद करा. टर्बो असलेल्या इंजिनाला ही शेवटची मिनिटं फार लागतात. एकदम बंद केलं तर तापलेल्या टर्बोला तेल मिळत नाही.

डिझेल

डिझेलचा साठा २,५०० लिटरपर्यंत असेल आणि कुठलंही एक भांडं १,००० लिटरपेक्षा मोठं नसेल, तर पेट्रोलियम कायद्याखाली परवाना लागत नाही. पेट्रोलला मात्र ही सूट फक्त ३० लिटरपर्यंत आहे. सोसायटीला २,५०० लिटर डिझेलच्या साठ्याची गरजच नसते. ४० केव्हीएचा सेट चांगल्या लोडवर तासाला सात लिटरच्या आसपास डिझेल खातो. आठ-दहा तास पुरेल एवढं टाकीत आणि एक बॅरल वेगळ्या, कुलूपबंद, हवेशीर खोलीत, इतकं पुरे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीत काही गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी वादळाचा इशारा आला की टाकी भरून घ्यावी.

टाकी अर्धी रिकामी ठेवू नका. आतल्या हवेतली वाफ गार होऊन पाणी तळाशी जमतं, आणि पाणी व डिझेल यांच्या सीमेवर शेवाळासारखा गाळ धरतो. मग ऐनवेळी फिल्टर चोंदतो. वॉटर सेपरेटरच्या तळाचा नळ दर आठवड्याला उघडून पाहा. काचेच्या ग्लासात धरलंत तर पाणी खाली वेगळं दिसतं.

चालू इंजिनात डिझेल भरायचं नाही. आजूबाजूला बिडी-सिगारेट नाही. टाकी पूर्ण संपू देऊ नका, कारण मग लाइनमध्ये हवा धरते आणि हातपंपानं ती काढत बसावं लागतं. जवळ एबीसी पावडरचा अग्निशामक आणि वाळूच्या दोन बादल्या ठेवा. पेटलेल्या डिझेलवर पाणी टाकलं तर आग पसरते.

देखभाल

स्टँडबाय जनरेटर चालून बिघडतो त्यापेक्षा उभा राहून जास्त बिघडतो. आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं चालवा. महिन्यातून एकदा किमान अर्धा तास खऱ्या लोडवर चालवा, निदान ३० टक्के लोड देऊन. दुपारी टाकीत पाणी चढवायची वेळ त्यासाठी चांगली. रहिवाशांना आधी कळवलं की तक्रार येत नाही.

ऐनवेळी सेट सुरू न होण्याचं सगळ्यात सामान्य कारण बॅटरी. बारा व्होल्टची चांगली चार्ज बॅटरी उभी असताना १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ दिसले तर ती अर्ध्यावर आली आहे. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी आली असेल तर गरम पाण्यानं धुवून, पुसून, पेट्रोलियम जेली लावा. बॅटरीला कायम जोडलेला फ्लोट चार्जर असावा आणि तो खरंच चालू असावा. साफसफाईवाले त्याचा प्लग काढून व्हॅक्यूम लावतात आणि परत लावायला विसरतात.

तेल, तेलाचा फिल्टर आणि डिझेलचा फिल्टर कंपनीच्या पुस्तकातल्या तासांप्रमाणे बदला. पण तास भरले नाहीत म्हणून थांबू नका. उभ्या इंजिनातलंही तेल जुनं होतं, म्हणून वर्षातून एकदा बदलायचंच. रेडिएटरमध्ये बोअरवेलचं पाणी भरू नका, आत क्षार धरतात. ठरलेलं कूलंटच घाला. आणि इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण कधीच उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं, झाकण सैल होताच ते चेहऱ्यावर उडतं.

एएमएफ पॅनेल असलेल्या सेटवर काम करताना एक धोका वेगळा आहे. मेकॅनिक फॅनबेल्ट तपासायला हात घालतो, त्याच क्षणी बाहेरची लाइट जाते, आणि पॅनेल आपलं काम चोख बजावत इंजिन सुरू करतं. म्हणून कुणीही कॅनोपी उघडून हात घालण्याआधी पॅनेल "ऑफ"वर, किल्ली खिशात, आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून बाजूला. स्विचवर "काम चालू आहे" ही पाटी. मेकॅनिक म्हणेल की दोन मिनिटांचं तर काम आहे. तरीही वायर काढायला लावा.

सगळ्याची नोंद एका वहीत ठेवा: तारीख, चालू-बंदची वेळ, तासमीटर, डिझेल, काय वेगळं वाटलं. वॉचमननं लिहिलेलं "आज आवाज वेगला होता" हे वाक्य पुढच्या महिन्यातला मोठा खर्च वाचवू शकतं. कमिटीतल्या कुणीतरी दर महिन्याला वही वाचून सही करावी, म्हणजे लिहिणाऱ्यालाही वाटतं की कुणी वाचतंय.

घरचा किंवा दुकानाचा छोटा पेट्रोल जनरेटर

दोन-तीन केव्हीएचा हा डबा गणपतीच्या मंडपात, केशकर्तनालयात, फ्लॅटच्या बाल्कनीत दिसतो. बाल्कनीत तो चालवायचा नाही. खिडकी उघडी असली, पंखा लावला, तरी नाही. घरात, गॅरेजमध्ये, शटर अर्धं ओढलेल्या दुकानात नाही. मोकळ्यावर, दारं-खिडक्यांपासून किमान सहा मीटर लांब, धुराचं तोंड माणसांच्या उलट दिशेला. चालू असताना कुणाचं डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर आधी सगळ्यांनी मोकळ्या हवेत यायचं, मग १०८ ला फोन. मंडपात रात्री राखणीला झोपणारी मुलं जनरेटरच्या आडोशाला झोपणार नाहीत, हे कार्यकर्त्यांनी स्वतः पाहावं.

पेट्रोल भरताना इंजिन बंद करून गार होऊ द्या. तापलेल्या सायलेन्सरवर चार थेंब सांडले तरी भडका उडतो. सीझन संपला की टाकी आणि कार्बोरेटर रिकामा करा. राहिलेलं पेट्रोल चिकट होऊन जेट बुजवतं, आणि पुढच्या वर्षी चतुर्थीच्या आदल्या रात्री दोरी ओढून हात दुखतो.

काहीतरी चुकतंय हे कसं ओळखायचं

काळा धूर म्हणजे लोड जास्त, एअर फिल्टर चोंदलेला किंवा इंजेक्टर खराब. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल जाळतंय. पांढरा धूर थंड इंजिनात सुरुवातीला दिसतो आणि जातो. तो टिकला आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केट तपासायला लावा. इंजिनाचा आवाज वर-खाली होत राहिला तर डिझेलमध्ये हवा आहे किंवा फिल्टर भरला आहे. इंजिन नीट चालतंय पण व्होल्टेज शून्य, तर अल्टरनेटरकडे बोट जातं आणि ते काम वॉचमनचं किंवा कमिटीचं नाही.

ब्रेकर एकदा पडला तर लोड कमी करून एकदाच वर करा. पुन्हा पडला तर तसाच राहू द्या आणि ठेकेदाराला बोलवा. कुणाला शॉक लागला तर त्याला ओढायला जाऊ नका. आधी लाल बटण दाबा, मग कोरड्या लाकडानं वायर बाजूला करा, मग १०८. बाहेर तार तुटून पडलेली दिसली तर तिच्याजवळ कुणाला जाऊ न देता १९१२ ला कळवा. हे दोन्ही नंबर आणि मेकॅनिकचा नंबर पॅनेलच्या दारावर आतून नाही, बाहेरून चिकटवा.